लिहिलं तेवढंच

हसीबचं दुकान जळगावात तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे टपरीपेक्षा जरा मोठी खोली. आत एक कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर आणि गार वारा सोडून बाकी सगळं देणारा एक कूलर. बाहेरच्या पाटीवर नाना कामांची नावं रंगवली होती, पण गावात त्याची ओळख एकाच कामाची. लोक पिवळे पडलेले, घड्यांवर फाटलेले कागद आणायचे. हसीब ते स्कॅन करायचा आणि कोऱ्या जागी नाव, गाव, तारीख अशी बेमालूम टाइप करायचा की ती अक्षरं पहिल्यापासून तिथेच होती असं वाटावं.

हाताला सफाई होती, पण नियत साफ होती. कोऱ्या जागेत लिहायचं, लिहिलेल्यावर चढायचं नाही, हा त्याचा नियम. कुणी लाडात येऊन म्हणालं, "भाई, जन्मसाल तेवढं इकडचं तिकडे करा ना," की तो खुर्ची मागे सरकवून पंख्याकडे बघत बसायचा. गिऱ्हाईक काय ते समजायचं आणि कागद उचलून चालू लागायचं.

कामाची रीतही ठरलेली होती. स्कॅनवर अक्षरं टाकायची तर आधी तिथे एक चौकट काढावी लागते. ती चौकट मुळात पांढरी असते. तिचा पांढरा रंग काढून तिला काचेसारखी केली नाही, तर खालचं जे काही असेल ते झाकून टाकते. म्हणून काम झालं की हसीब पान लहान करायचा, खुर्ची मागे घ्यायचा आणि सगळं पान एकदा लांबून बघायचा. शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही तो हेच सांगायचा, की जवळून सगळंच बरोबर दिसतं, चूक लांबून दिसते.

मेहरूणमधल्या त्याच्या घराकडे मात्र त्याला जवळून बघवत नव्हतं की लांबून. हिवाळ्यात त्याचा एकुलता एक मुलगा शेहजाद बोरं वेचायला म्हणून तलावाच्या अंगाला गेला, आणि लोकांनी त्याला चादरीत घालून आणला. नऊ वर्षांचं पोर. मेहरूणची बोरं कुठल्या कुठल्या गावी जातात, पण हसीबच्या दारात त्यानंतर बोरवाली थांबली नाही.

पुढे रेशनकार्डांची तपासणी निघाली. ज्याचं नाव कार्डावर, त्याने येऊन अंगठा लावायचा. शेहजादचा अंगठा कुठून आणणार? कारकुनाने त्याच्या ओळीवर लाल शाईने रेघ ओढली आणि बाजूला 'मयत' लिहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. अनवरीने, म्हणजे हसीबच्या बायकोने, कार्ड हातात घेतलं आणि ओढणीचं टोक भिजवून त्या रेघेवर घासत राहिली. शाई निघाली नाही.

"लकीर कायकू मारे?" ती म्हणाली. "नाम ने किसका क्या बिगाडा था?"

त्यानंतर तिचं बोलणं जवळजवळ बंदच झालं. झोप तर आधीच उडाली होती. शेहजादच्या गादीवर भिंतीला टेकून ती दाराकडे बघत बसायची. हसीब कामावर निघताना तशीच, परत आला की तशीच. 

उन्हाळा लागता लागता बिजलीबाई आली. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. तिचा नवरा डोंगरसिंग चार पावसाळ्यांपूर्वी धुळ्याकडे, नरडाण्याला कंपनीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. हरवल्याची तक्रार द्यायची तर त्याच्या नावाचा कागद हवा. तिच्यापाशी एकच कागद होता, रेशनकार्ड, आणि त्यातली नेमकी नवऱ्याची ओळ वाळवीने फस्त केली होती. कागदात आरपार भोक होतं.

"भाऊ, आठे नाव व्हतं त्यानं," ती भोकावर बोट ठेवून म्हणाली. "तितलं लिखी द्या."

हसीबने पंख्याकडे बघितलं. पण ती उठली नाही, आणि त्यालाही वाटलं, यात खोटं काय आहे? जे होतं तेच लिहायचं. त्याने कार्ड स्कॅन केलं. भोकाच्या जागी चौकट काढली, काचेसारखी केली, आणि तिने सांगितलं ते टाइप केलं: डोंगरसिंग, वय अडतीस, कुटुंबप्रमुख. पान लांबून बघितलं. झकास जमलं होतं. प्रिंट घेऊन बाई गेली.

आठवडाभराने ती परत आली. मागे एक माणूस होता. तो बाकड्यावर टेकला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिला.

"तो उना, भाऊ," बिजलीबाई म्हणाली. आनंदाची बातमी सांगावी तशी नाही, दुखणं सांगावं तशी.

हसीबला बरं वाटलं. त्याने माठातलं पाणी दिलं, विचारपूस केली. "काय नाव दादा?"

"डोंगरसिंग."

"वय?"

"अडतीस."

"इतके दिवस होता कुठे?"

माणूस बघत राहिला. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याच्या डोक्यात एक केस पिकलेला नव्हता, हाताला घट्टे नव्हते, पायाला भेगा नव्हत्या.

"घरमा तुम्ही कोण, दादा?" हसीबने त्याच्या बोलीत विचारलं.

"कुटुंबप्रमुख," माणूस म्हणाला.

कूलर घरघरत होता. बिजलीबाईने पिशवीतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. प्रिंट नव्हे, तिचं मूळ कार्ड. हसीबने ते उजेडात धरलं. भोक नव्हतं. तिथे कागद होता, बाकीच्याइतकाच पिवळा, आणि त्यावर ती तीन माहितींची ओळ होती. त्याने निवडलेल्या वळणाचीच अक्षरं. कार्डाची जुनी घडी त्या अक्षरांमधून गेली होती आणि घडीवर शाई उडाली होती.

"बठ्ठा गाव म्हणस नशीब उघडनं," ती हळू आवाजात म्हणाली. "पन जितलं तुम्ही लिखं, तितलाच शे तो. जेवाले बठाडं तं बठस. पोरेसले वळखत नही." मग टेबलावर वाकून, "आखो लिखा ना, भाऊ. हासस असं लिखा."

हसीबने कॉम्प्युटरवर तिची फाईल उघडली. चौकट हाताला लागेना. क्लिक करावं तर काही हलत नव्हतं. अक्षरं स्कॅनमध्ये जिरून गेली होती, मीठ भाजीत जिरावं तशी. आणि ओळीत आणखी काही लिहायला जागा उरली नव्हती.

"अक्का, यांच्या डोक्याला मार लागला असेल," तो म्हणाला. "सिव्हिलला दाखवा." स्वतःचा आवाज त्याला खोटा वाटला. बिजलीबाईने त्याच्याकडे बघितलं, कार्ड पिशवीत घातलं आणि नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. तो उठला. ती सोडेपर्यंत चालत राहिला.

शहाण्या माणसाने त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून चावी विहिरीत टाकली असती. हसीब शहाणाच होता. पण बापाच्या शहाणपणाला एक जागा असते, तिच्यापुढे ते चालत नाही. त्याला डोंगरसिंगची भीती वाटली, आणि त्या भीतीच्या मागोमाग दुसरा विचार आला, की बाईने कमी लिहून घेतलं, आपण जास्त लिहू.

शुक्रवारी सकाळी तो निघाला तेव्हा अनवरी गादीवर तशीच बसली होती. त्याने चप्पल घातली, तेव्हा तिचा आवाज आला. "पानी पी के जाओ. धूप है."

कित्येक दिवसांत तिने पहिल्यांदाच असं काही म्हटलं होतं. हसीबला भरून आलं. आज हिला पोर परत द्यायचं, त्याने ठरवलं. कार्ड त्याच्या खिशात होतं.

जुम्म्याच्या नमाजनंतर त्याने शटर अर्धं ओढलं. कार्ड स्कॅन केलं. वरून पहिली ओळ त्याची, दुसरी अनवरीची, तिसरी शेहजादची, लाल रेघेखालची. त्याखाली कचेरीचा गोल शिक्का. रेघ झाकायची होती, म्हणून या वेळी त्याने चौकट पांढरीच ठेवली. नाव टाइप केलं, वय, मुलगा. मग अक्षरं बारीक केली आणि लिहीत सुटला. डाव्या भुवईवर सायकलवरून पडल्याची खूण. हसण्याआधी खांदे हलतात. बोराच्या बिया खिशात ठेवतो. भरीत खात नाही, भाकरी त्यातल्या तेलात बुडवून खातो. मांजर उचलतो, कुत्र्याला भितो. अब्बाला ओळखतो, अम्मीला ओळखतो. पाण्याजवळ जात नाही, हे त्याने दोनदा लिहिलं.

चौकट वाढत गेली. खाली सरकून ती शिक्क्यावर चढू लागली. शिक्का झाकला तर कार्ड कार्ड राहणार नाही, म्हणून त्याने ती वर ओढली. अक्षरं इतकी बारीक झाली होती की त्याला पान खूप मोठं करून बघावं लागत होतं. पडद्यावर आता ती चौकट सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. शेवटी एका ओळीची जागा उरली. त्याने विचार केला आणि लिहिलं: आईशिवाय झोपत नाही.

डोळे पुसून त्याने फाईल जतन केली, कार्ड खिशात घातलं. आणि घराकडे धावला. लांबून बघायचं त्या दिवशी राहून गेलं.

शेहजाद ओट्यावर बसला होता.

आधी त्याचे खांदे हलले. मग तो हसला.

हसीबने त्याला छातीशी धरलं. खूण जागेवर होती. खिशात बिया होत्या. त्या वेळी त्याला जे झालं त्याला सुख म्हणतात, आणि ते त्याला झालं, हे खरं. मग तो ओरडत आत गेला, "अनवरी, देख तो कौन आया."

गादी रिकामी होती. स्वयंपाकघरात एक मोठं ताट आणि एक लहान ताटली, दोनच होती. दोरीवर ओढणी नव्हती. कपाटात तिच्या बाजूला त्याचेच हिवाळ्याचे कपडे घडी करून ठेवले होते.

त्याने भिंतीवरून शेजारच्या मिसबाहला हाक मारली. ती पीठ मळत होती.

"अनवरी को देखा?"

"कौन अनवरी, भाईजान?" तिने मनगटाने केस मागे सारले. "आप और बच्चा, दो ही तो हो."

हसीबने खिशातून कार्ड काढलं.

पहिली ओळ त्याची होती. शेवटच्या ओळीत शेहजाद, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्याच्या वर, अनवरीच्या ओळीच्या जागी, चौकटीचं पांढरं. तिथे आखलेली रेघसुद्धा नव्हती. त्याने कार्ड हात लांब करून धरलं. लांबून ते अगदी स्पष्ट दिसत होतं.

दुकानात जाऊन त्याने फाईल उघडली. चौकट हाताला लागली नाही. पुन्हा स्कॅन केलं, तरी तेच. जे झाकलं होतं ते आता खाली नव्हतंच. लिहायला मात्र जागा होती. त्याने नवी चौकट काढली, काचेसारखी केली आणि टाइप केलं: अनवरी, वय छत्तीस, पत्नी.

पुढे काय? ती हसायची कशी, ते त्याला आठवेना. रागावली की काय करायची, पहिल्यांदा त्याच्याशी काय बोलली होती, पोराला कुठल्या नावाने हाक मारायची. इतक्या वर्षांच्या संसारातून त्याला एकच वाक्य आठवत होतं, पाणी पिऊन जा, ऊन आहे. तेवढं लिहून तो थांबला. डोंगरसिंगचे मांडीवर ठेवलेले हात त्याला दिसू लागले. त्याने फाईल जतन न करता बंद केली.

तेव्हापासून तो रोज ती चौकट काढतो. रोज पुसतो.

दुकानात गिऱ्हाइकं येतात, तो त्यांना परत पाठवतो. बिजलीबाई एकदा येऊन गेली असं झेरॉक्सवाल्याने सांगितलं. एकटी होती की कुणाबरोबर, ते त्याने विचारलं नाही.

शेहजाद चांगला आहे. भाकरी तेलात बुडवून खातो. मांजर उचलतो. पाण्याचा पेला पुढे केला की मात्र मान फिरवून मागे सरकतो. दोनदा लिहिलं होतं ते.

सकाळी हसीब त्याच्या खोलीत जातो. उशीला एक सुरकुती पडलेली नसते. शेहजाद गादीवर भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून, दाराकडे बघत बसलेला असतो.

"अब्बा," तो विचारतो, "अम्मी आ गई?"