स्टेपनीची साक्ष

धाकटी सून दोषी ठरली, तर थोरल्या दिराला एकच गोष्ट मिळणार होती: गाडीची किल्ली. वस्तू बोटाएवढी, पण सासूबाईंनी गाडी घेतली तेव्हा त्याला वगळून ती सुनेच्या हातात ठेवली, आणि तेव्हापासून ती त्याच्या घशात अडकली होती. सून घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेई. गाडी गेली की काम गेलं.

परवा सकाळी हमरस्त्यावर पुढचा टायर फुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. स्टिअरिंगवर सून; सोबत तिचा नवरा, सासूबाई आणि मोठी जाऊ. डिकी सामानानं ठासलेली. सासूबाईंचा उजवा हात मोडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

विमा कंपनीची तपासनीस बाई घरी आली तेव्हा निकाल लागूनच गेला होता. बैठकीच्या खोलीत उभा राहून थोरला तो ऐकवत होता. हिला स्टिअरिंग धरता येत नाही, आईच्या जिवावर उठली होती, वगैरे.

“टायरमधली हवा कोण बघतं?” बाईंनी विचारलं.

“मीच.” त्यानं खिशातून हवेचा मीटर काढला. पेनासारखा तो कायम छातीशी बाळगायचा. “आदल्या दिवशीच बघितली. पाचही चाकांत तेहतीस. स्टेपनीसुद्धा सोडत नाही मी.”

“त्या दिवशी गाडी बाहेर गेली होती?”

“हिला सुट्टी होती. जागेवरून हलली नाही.”

सुनेनं दात आवळूनच उत्तरं दिली. वेग ऐंशीच्या आत होता. निघताना वेगळं काही नव्हतं. सीट तेवढी पुढे ओढावी लागली, आरसा खाली करावा लागला. तिचा नवरा गाडी चालवतो का? यावर जाऊ पहिल्यांदा हसली. भावोजी शेजारी बसून नुसते हवेत ब्रेक दाबतात, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी तिथे सावलीत उभी होती. शाबूत राहिलेल्या तिन्ही चाकांना बाईंनी मीटर लावला. अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. मग डिकीतली स्टेपनी. तेहतीस.

“तुमचा मीटर खोटा नाही,” त्या थोरल्याला म्हणाल्या. “स्टेपनीत तुम्ही म्हणालात तेवढीच आहे.”

त्यानं आईकडे बघून मान ताठ केली.

“मग बाकीच्यांत कमी का? गळती असती तर प्रत्येक चाकाचा आकडा वेगळा आला असता. तिन्हींत सारखीच कमी, म्हणजे कुणीतरी मोजून सोडली. टायर धावून तापला की आतला दाब वाढतो. तुमच्या मीटरनं अडतीस दाखवले, तुम्ही वरचे पाच सोडून दिलेत. टायर निवले, आकडा खाली आला. स्टेपनी धावलीच नव्हती, म्हणून ती तेवढी बरोबर राहिली. आता सांगा, न हललेल्या गाडीचे टायर तापले कसे?”

“उन्हानं.”

“उन्हानं सीटही मागे सरकली?”

त्याचे लांब पाय सगळ्यांनीच बघितले.

बाईंनी चालकाचं दार उघडून कडेचं स्टिकर दाखवलं. “माणसं आणि सामान भरलं तर छत्तीस, असं इथे छापलंय. अठ्ठावीसवर एवढं ओझं घेऊन टायर मुडपत धावला, तापला, फुटला. हिनं स्टिअरिंग धरून ठेवलं, म्हणून चौघं इथे उभी आहेत.”

“एक चक्कर मारली फक्त,” तो पुटपुटला. “हवा चांगल्यासाठीच बघितली. चूक कुणाकडूनही होते.”

“चुकीबद्दल मी बोलतच नाहीये, भावोजी.” सुनेच्या आवाजात रडू नव्हतं. “आदल्या दिवशी गाडी कुणी पळवली, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी पलंगावर पडलेल्या आईंना तुम्ही सांगत राहिलात, की मी त्यांना मारायला निघाले होते.”

जाऊ नवऱ्याकडे बघतच नव्हती. त्याच टायरवर त्यानं तिलाही बसवून दिलं होतं.

सासूबाईंनी डावा हात पुढे केला. “दुसरी किल्ली. हरवली म्हणाला होतास ती.”

ती मीटरच्याच खिशातून निघाली.

“मीटरही ठेव हातावर.”

हिशेब मिटला. सासूबाईंचा उजवा हात मोडला, सुनेची झोप गेली, जावेचा विश्वास गेला. थोरल्यानं भरली एक किल्ली आणि एक मीटर. त्यातली किल्ली तर त्याची नव्हतीच.