हाताचा आधार न घेता

नवापूरच्या डोंगरपट्ट्यात सकाळ घाईने येत नाही. उजेड आधी सागाच्या रुंद पानांवर थांबतो, मग अंगणातल्या भाताच्या पेंढ्यावर उतरतो, आणि तिथून कुडाच्या भिंतीतल्या फटींमधून घरात शिरतो — बारीक, पिवळसर पट्ट्यांनी. सारवलेल्या जमिनीवर त्या पट्ट्या इतक्या सावकाश सरकतात की पाहणाऱ्याला आपणच हलल्यासारखे वाटते. त्या दिवशी त्यांतली एक पट्टी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पडली होती, आणि खुर्ची रिकामी होती.

ती गंगीबाईंसाठी होती. साठीपुढच्या माणसांच्या आमच्या सर्वेक्षणात एक चाचणी असते : हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचे. गंगीबाई मात्र खुर्चीवर बसायलाच तयार नव्हत्या. साहेब उभा असताना आपण खुर्चीत बसायचे नाही, एवढेच त्या आपल्या बोलीत पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी ‘चाचणीस नकार’ असे नोंदवणार, तोच त्यांची मुलगी दारात आली. लिडिया, गावच्या उपकेंद्रातली परिचारिका.

“सर, तुम्ही खाली बसा,” ती म्हणाली. “म्हणजे आई वर बसेल.”

मी मांडी घालून बसलो. गंगीबाई हसल्या, बसल्या... आणि दुसऱ्यांदा उठताना त्यांचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. तिसऱ्यांदा त्या उठल्याच नाहीत.

लिडियाचे हसू विझले. “अख्ख्या गावाचं बीपी मी तपासते,” ती हळूच म्हणाली, “आणि घरात...”

उरलेल्या घरांत ती माझ्याबरोबर आली. दुभाषी म्हणून, असे ती म्हणे. प्रश्न विचारताना माझी मान टॅबवरून वर उठत नसे. त्या टॅबला तरी तुमचे डोळे दिसत असतील, असा टोमणा ती मारी. उतारावर माझा पाय घसरला की हात पुढे करी, आणि गंभीर चेहऱ्याने सांगे, “आधार घेतला — नोंदवा.”

शिक्षणाचा रकाना कशासाठी, असे तिने एकदा विचारले. शाळेचा आणि गुडघ्याचा काय संबंध? मी सांगितले, वीस वर्षांनी किती वृद्धांना आधार लागेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. कमी शिकलेल्यांचे चालणे बहुधा लवकर थांबते.



“पाटी मिळाली नाही की डोक्यावर मोळी येते,” ती म्हणाली. “आणि दुखणं सांगायचं असतं, हेही कुणी शिकवत नाही.”

शेवटच्या दिवशी, जीपची वाट पाहताना, मी सारे धैर्य गोळा केले.

“लिडिया, मला तुम्हाला एक... विचारायचं होतं.”

“ठाऊक आहे.” तिची नजर रस्त्यावर होती. “तुमच्या आई किती शिकल्या?”

“दुसरी.”

“आणि खालून उठतात कशा?”

“तिला काही त्रास नाही,” मी लगेच म्हणालो. फारच लगेच.

“खरं उत्तर घेऊन या,” ती म्हणाली. “मग माझंही घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी धानोऱ्याला, आमच्या ओट्यावर, आई मिरच्यांचे देठ खुडत खांबाशी बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिने चुलीजवळची जागा सोडून ही धरली. तिला इथला उजेड आवडतो, असे मी स्वतःला समजावले होते. चल, आत जाऊ, मी म्हणालो.

“तू जाय पुढे, मी येस.”

मी घरी असलो की रोज ती हेच म्हणे, आणि रोज मी पुढे जात असे. त्या दिवशी गेलो नाही. ती थांबली. मीही थांबलो. मिरच्या संपल्या. अखेर तिने दोन्ही हातांनी खांब धरला, अर्धवट उठली, पुन्हा टेकली... आणि माझ्याकडे न पाहता एक हात पुढे केला.

तिला आत बसवून मी लिडियाला फोन लावला. तिला मागणी घालायला रात्रभर जुळवलेल्या शब्दांपैकी एकही आठवेना.

“बोला,” ती म्हणाली.

“लिडिया... माझ्या आईला दोन वर्षांपासून जमिनीवरून एकटीने उठता येत नाही.”