शेवंडीचा निळा पाय

"कोणीतरी आत होतं, अण्णा. आणि मी टेबलाखाली!"

संशोधक बाईंनी टेबलाकडे बोट दाखवलं. खासगी गुप्तहेर अण्णा समोर बसले. त्यांचे दोस्त मास्तर मात्र प्रयोगशाळेतल्या बाटल्या न्याहाळत सुटले. प्रत्येकीत स्पिरिट आणि शेवंडीचा, म्हणजे लॉब्स्टरचा, एक पाय.

"काल संध्याकाळी दिवे गेले. दार वाजलं, बाटल्या किणकिणल्या. श्वास ऐकू यायचा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. गेला वाटायचं, की पुन्हा श्वास!"

"चोरीला काय गेलं?"

"काही नाही. या पायांतल्या जनुकीय खुणांवरून समोरच्या बेटाजवळची शेवंड वेगळ्या वंशाची ठरतेय. ठरली की तिथली मासेमारी बंद. नाहीतर ती शेवंड संपलीच."

"पाय शिजवलेत का हो? लालभडक आहेत," मास्तर म्हणाले.

"स्पिरिटात राहून हळूहळू लाल होतात."

"मग खालच्या रांगेतले बरे निळे राहिले!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ती रांग बेटाची होती.

प्रयोगशाळेत येणं-जाणं असलेल्या तिघांना अण्णांनी विचारलं.

"मी रोज बाटल्या पुसतो, साहेब. झाकणाला हात लावत नाही," पहारेकरी म्हणाला.

"बाटल्यांत पाय मीच भरते. मला अंधार कशाला हवा?" सहकारी बाई फणकारल्या.

शेवंडी आणून देणारा पाणबुड्या म्हणजे बाईंचा दीर. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "आतल्या वासानं मळमळतं. पाय दारातच देतो. उद्या वहिनी स्वतः बुडी मारणार आहेत, दोरी मी धरणार."

अण्णांनी सगळ्यांना दारापाशी बोलावलं.

"बेटाचे पाय काढून दुसरीकडचे घातले, म्हणजे बेटाची शेवंड चारचौघींसारखीच ठरावी. ताजे म्हणून निळे. पाय लाल होतात हे पुसणाऱ्याला दिसतं, भरणारीला ठाऊक असतं. दारातून परतणाऱ्याला कसं कळणार? आणि इतका वेळ श्वास रोखतो कोण? पाणबुड्या!"

मास्तरांनी आ वासला.

दिरानं मान खाली घातली. "बेट बंद झालं तर मी खाऊ काय?"

"भाऊजी, मला सांगायचं होतंत! मी आत आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून बरं..."

"माहीत होतं, वहिनी. तुमचा श्वास ऐकू यावा म्हणूनच मी माझा रोखत होतो."

बाईंना उद्याची दोरी आठवली.