झाकण लावून काढलेला फोटो

घडलं तेवढंच लिहिते आहे. जे मोजलं ते मोजलेलं, जे नुसतं ऐकलं ते ऐकलेलं. एक शब्द जास्तीचा नाही.

मार्चमधला मंगळवार. दुपारचे तीन. आमच्या संस्थेतली बियांची खोली. एकच दार, खिडकी नाही.

मला हे काम शिकवणाऱ्या बाईंनी तीस वर्षं रानोमाळ हिंडून जमवलेल्या बिया तिथे आहेत. बाई गेल्या, आणि मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत ज्यांचे फोटो होतील त्या ठेवू. बाकीच्या कचऱ्यात. खोली स्टोअरला हवीय."

दोनशे बारा नमुने उरले होते. त्यातच संस्थेच्या कॅमेऱ्याची लेन्स पडून फुटली.

मी पदरमोड करून जुनी घेतली. बाहेरच्या नळीवर तीन समांतर ओरखडे होते.

"नुसतं दिसण्यापुरतं आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला. "काच बघा की."

काच खरंच स्वच्छ होती. ओरखड्यांमधलं अंतर मी सवयीने मोजलं. अकरा मिलिमीटर.

माझी आणखी एक सवय आहे. कामाआधी लेन्सला झाकण लावून एक फोटो काढायचा. तो पूर्ण काळा यायला हवा. त्यात ठिपके दिसले तर ते कॅमेऱ्याचे, बियांचे नव्हेत.

त्या दुपारी झाकण लावलं. फोटो काढला.

काळा नव्हता...

मधोमध एक तळहात होता. काचेवर टेकवलेला. आतून.

लॅबमधले दादा डोकावले. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस. "ताई, झाकण सैल असेल. उजेड शिरतोय."

काळं कापड गुंडाळलं. दिवा बंद केला. पुन्हा काढला.

हात तिथेच. बोटं मात्र आता वाकलेली...

"परत देऊन टाका ही ब्याद," दादा दारातूनच म्हणाले. "मी चहा घेऊन येतो."

संध्याकाळपर्यंत चहा आला नाही.

मी दुकानदाराला फोन लावला. माझा आवाज ओळखून तोच म्हणाला, "आणून द्या. तुमच्याआधी दोघांनी परत केलीय."

"का?"

"मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

"मी परत देणार नाही," मी म्हणाले. "माझे दोनशे बारा नमुने राहिलेत."

दुसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला. झाकण लावलं की...

खर्र. खर्र.

नखांचा. झाकण काढलं की बंद.

मी झाकण खणात टाकलं आणि लेन्सला स्पष्ट सांगितलं, "काय ओरखडायचं ते ओरखड. पण फोटो हलला तर याद राख."

एकही हलला नाही. बीवरची लव मोजता येईल इतके नितळ आले. सव्वीस तारखेला दोनशे बारावा झाला. साहेबांनी यादी दोनदा चाळली. मग नाइलाजाने म्हणाले, "ठीक आहे. राहू दे खोली तुमच्याकडे."

खोलीत परत येऊन झाकण लावलं. फोटो काढला.

पूर्ण काळा. एक ठिपका नाही. आवाजही नाही.

मला आनंद व्हायला हवा होता...

तेवढ्यात आवाज पाठीमागून आला. दाराकडून.

खर्र.

दाराच्या आतल्या बाजूला तीन ओरखडे होते. खाली लाकडाचा ताजा भुसा. फूटपट्टी लावली.

अकरा मिलिमीटर.

दादा म्हणतात, दुसरी खोली मागा. का म्हणून? ही मी भांडून मिळवलीय. आता दार दिवसभर सताड उघडं ठेवते. ज्याला जायचंय त्याला रस्ता मोकळा आहे. मी जाणार नाही.

ते अजून गेलेलं नाही.

काल बियांचं कपाट उघडलं. त्याच्या दारावर एक ओरखडा आहे... आतून.

हे कपाट उघडं ठेवता येत नाही. दमट हवा लागली तर बाईंच्या बिया मरतील.

म्हणून ते बंद केलंय. आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलेय.