पांढरी आमटी

रंभानं पदराखालून पत्र्याचा डबा काढला आणि हवालदार चिमाजींच्या टेबलावर ठेवला.

"सासूनं दारातनंच माझी ट्रंक भाईर दिली. तिच्यात मालकाचा मसाल्याचा डबा निघाला. आता सांगा हवालदार, ह्यो ठिवून माझा मालक बोटीवर जाईल का?"

चिमाजींनी झाकण उघडलं. लाल पूड, वाळलेली पानं, दालचिनी. चौकीभर वास सुटला.

तिचा नवरा ज्योतीराम भोसरीचाच. बरीच वर्षं बोटीवर आचारी होता. आता पिंपरीच्या नव्या कारखान्यात परदेशी इंजिनियरांचं जेवण करायचा. हंगेरीचं मटणाचं गुलाश, इटलीचं रिसोटो, शेजारच्या सिंधी वस्तीत शिकलेली कोकी नावाची जाड पोळी. "रिसोटो म्हंजे आपला गुरगुट्या भातच, नाव तेवढं मोठं," असं हसून सांगायचा.

गेल्या आठवड्यात रंभा माहेरी चऱ्होलीला गेली होती. परतली तर थोरला दीर आबाजी दार अडवून उभा. ज्योतीराम बोटीवर गेला, परत यायचा नाही, तूही माहेरी जा, एवढंच तो बोलला.

"बाया म्हणत्यात, नवऱ्यानं टाकली. टाकली असंल तर तसं सांगा. न्हाईतर दुसरं काय ते सांगा. पण मला कळू द्या."

ज्योतीराम चिमाजींना चांगला आठवत होता. गेल्या वर्षी त्यांची बायको सावित्री गेली, तेव्हा तो पिठलं-भाकरी बांधून घेऊन आला होता. धीर वगैरे दिला नाही. नुसता शेजारी बसला. मग म्हणाला, "ग्रीस देशात मयताच्या नावानं गहू शिजवत्यात, साखर घालून वाटत्यात. कोलिवा म्हणत्यात त्याला. समदी बंदरं बघितली हवालदार, मेलेल्या माणसाचं जेवण कुठंबी येगळंच असतंय. आईला सांगितलं, तिला लई पटलं."

दुपारी चिमाजी आबाजीच्या मळ्यात गेले. घर गावाबाहेर, दारातच विहीर. वाऱ्यानं रिकामा रहाट करकरला. त्याच वेळी ज्योतीरामची आई गोजाबाई नदीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होती. आवाज ऐकताच तिनं घागर खाली टेकवली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"दारात विहीर असून नदीचं पाणी?" चिमाजींनी विचारलं.

"उंदीर पडलाय हिरीत," आबाजी ओट्यावरून म्हणाला.

"ज्योतीराम कधी गेला?"

"पहाटंच्या गाडीनं."

"भांडण झालं होतं?"

"भावाभावात व्हतंयच की, राव. त्याला रस्त्याकडच्या वावरात हाटेल काढायचं व्हतं. गोऱ्यांचं खाणं इकणार म्हणं. बापाच्या वावरात!" आबाजीनं मिशीला पीळ दिला. "ते जाऊ द्या. आलाच हाय तर जेवून जा. आई, वाढ हवालदारास्नी."

"नगं रं," गोजाबाई घाईनं म्हणाली. "हितं नगं त्यास्नी."

"वाढ म्हणतोय न्हवं?"

तिनं वाढलं. ज्वारीची भाकरी, मीठ आणि पांढरीफटक आमटी. वर तेलाचा तवंगसुद्धा नव्हता. चुलीमागे कढई भिंतीला पालथी टेकवलेली, तिच्या कानाला कोळ्यानं जाळं धरलेलं. फळीवर हळदीची बरणी गळ्यापर्यंत भरलेली.

"आजकाल हिच्या हाताला चवच न्हाई," आबाजी भुरके मारत म्हणाला.

चिमाजींचा घास तोंडातच राहिला. ही चव त्यांच्या ओळखीची होती.  पाणी पिऊन ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिपाई, गळ आणि दोर घेऊन आले. बरोबर रंभा होती.

"उंदीर काढायला एवढी फौज?" आबाजी हसला. पण त्याचे पाय मागे सरकत होते. शिपायानं त्याचा दंड धरला.

गळ खाली गेला. चिमाजी काठावर उभे राहून बोलले.

"आबाजी, मिशी ठेवून तू गावाला फसवलंस. भाऊ मेला म्हणून ती उतरवली असतीस, तर तिथंच सापडला असतास. पण चूल आईच्या हातात होती. सुतकात आपल्याकडे फोडणी देत नाहीत, हळद घालत नाहीत, कढई चढवत नाहीत. बोटीवर गेलेल्या पोराचं सुतक कोण पाळतं? तुझ्या आईला माहीत होतं, पोर मेलंय. सुतकाच्या घरचं दुसऱ्यानं खाऊ नये म्हणून ती मला वाढत नव्हती. आणि पोर कुठं आहे तेही तिला माहीत होतं. नाहीतर या वयात ती नदीवरून पाणी आणेल?"

"थकलेल्या बाईच्या आमटीवरनं मला धरता व्हय?"

"ती आमटी मी सावित्रीच्या दिवसांत खाल्लीय. विसरता येत नाही."

दोर ताणला गेला. वर आलं ते पाहून शिपायांनी टोप्या काढल्या.

आबाजी मटकन खाली बसला. "बाचाबाची झाली... म्या नुसता ढकलला. त्याला पवता येत व्हतं की! दर्यावर ऱ्हायलेला गडी..."

"डोकं दगडावर आपटलं त्येचं," गोजाबाई म्हणाली. "म्या हाक मारत ऱ्हायले. एक गेला, दुसरा तरी ऱ्हावा म्हणून गप बसले. पण त्येच्या सुतकात आमटीत हळद घालवंना, हवालदार." मग ती रंभाकडे वळली. "डबा म्याच घातला तुझ्या ट्रंकेत. तोंडानं सांगता येईना."

रंभा चादरीखालच्या देहाजवळ खाली बसली.

"म्हंजे मला टाकली न्हवती," ती म्हणाली. मग रडायला लागली.

संध्याकाळी मळ्यात चूल पेटली नव्हती. चिमाजी पिठलं-भाकरी बांधून घेऊन आले. धीर वगैरे दिला नाही. नुसते शेजारी बसले.

रहाट करकरला. गोजाबाईचे हात कानांकडे गेले. रंभानं त्यातला एक हात धरून खाली घेतला आणि त्यावर अर्धी भाकरी ठेवली.