मूर्तीला कापूस लावत नाहीत

तो मडगावला गेला आणि मांजर तीन पायांवर राहिलं.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. आज शनिवार आहे, मांजराला चार पाय आहेत, आणि मी पेणजवळच्या आमच्या गडब गावात दुकानासमोर बिस्किटाचा पुडा घेत उभी आहे.

नोव्हेंबर होता. कापलेलं भात शेतात आडवं, आणि वरून अवकाळी रिपरिप... तेवढ्यात एक मोटरसायकल मांजराच्या पिल्लाच्या मागच्या पायावरून गेली. मोटरसायकलवाला थांबला, आरशात स्वतःचे केस बघितले आणि निघून गेला. मी पिल्लू ओढणीत गुंडाळलं आणि रिक्षानं पेण गाठलं.

जनावरांच्या दवाखान्याला कुलूप. दारावर कागद – डॉक्टर लसीकरणाला गागोद्याकडे, सोमवारी भेटतील. पायरीवर एक शेळी आणि एक माणूस. माणसाच्या भुवया पांढऱ्याशुभ्र. मला वाटलं, आजोबा आहेत.

"मी शेळीला पण सांगितलं, सोमवारी ये," आजोबा पंचविशीतल्या आवाजात म्हणाले. "ऐकत नाय."

"पाय मोडलाय," मी म्हणाले.

"तुमचा?"

मी ओढणी उघडली. तो वाकला, भुवयांवरची पांढरी पूड पिल्लावर सांडली. बोटं मात्र इतकी हलकी, की पिल्लू ओरडायचं थांबलं.

"मी साईराज. गणपतीच्या कारखान्यात असतो. मोडलेलं जोडायचं काम माझंच. गेल्या हंगामात दीडशे हात जोडले."

"गणपती ओरडतात?"

"नाय. गिऱ्हाईक ओरडतं."

मी हसले. मांडीवर मोडलेला पाय असताना हसले – म्हणून पुढचं सगळं अर्धं माझंही आहे.

तो आम्हाला कारखान्यात घेऊन गेला. तिथं शंभरेक बिनरंगाचे गणपती आमच्याकडे तोंड करून होते. डोळे काढायचे बाकी असल्यामुळे साक्षीदार म्हणून त्यांचा उपयोग नव्हता. साईराजनं पिल्लाचा पाय सरळ केला, प्लास्टर चढवलं, पॉलिशपेपरनं घासलं, आणि निव्वळ सवयीनं नखांना सोनेरी रंग दिला.

रविवारी मी पिल्लू दाखवायला पुन्हा गेले. दाखवण्यासारखं काही नव्हतं, ते झोपलं होतं. आम्ही दोन-दोन चहा घेतले. पिल्लू फारच झोपत होतं... मला ते शहाणं वाटलं.

"उद्या दवाखान्यात मी पण येतो गो, नूतन," तो म्हणाला.

'तुम्ही'चं 'गो' झालं होतं. दोघांनीही तिकडं न बघितल्यासारखं केलं.

सोमवारी डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. आतला पंजा काळा पडला होता.

"कुणी केलं हे?"

"मी," साईराज म्हणाला.

"अहो, हे मूर्तीचं प्लास्टर. सुकताना तापतं, आवळतं. आत कापूस कुठाय?"

साईराजनं कापलेल्या प्लास्टरच्या आतून बोट फिरवलं. "मूर्तीला कापूस लावत नाय आमी."

"पाय काढावा लागेल. आजच. नाहीतर पिल्लू जाईल."

भूल उतरेपर्यंत साईराज पिल्लाचं डोकं हातात धरून बसला. मग हात धुतले आणि माझ्याकडं न बघता गेला. त्यानंतर फोन उचलला नाही. दोन आठवड्यांनी मी कारखान्यात गेले तर तिथले दाजी म्हणाले, "त्यानं काम सोडलं. बुधवारी दुपारच्या गाडीनं रोह्याला, तिथनं मडगावला चाललाय. बहिणीचं गाद्यांचं दुकान हाय. गाद्या मोडत नाय, म्हणतो."

माझी कंपनी रोह्याला. दुसरी शिफ्ट. म्हणजे गाडी तीच. मला एकच वाक्य बोलायचं होतं – जाऊ नको. दोन शब्द. दोन दिवस पाठ केले.

बुधवारी आमच्या जवळच्या कासू स्थानकावर गाडीत चढले. तो खिडकीशी होता. भुवया काळ्या. मी समोर बसले. नागोठणं येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून बाहेरचं ओलं भात बघितलं.

"पिल्लू?" शेवटी तो म्हणाला.

"माळ्यावर चढतं. उतरता येत नाय, मग वरनं ओरडतं."

"माझ्यामुळं."

"व्हय. तुझ्यामुळं."

तो दचकला. बहुतेक सगळे त्याला 'नाय रे, तुझी काय चूक' म्हणत होते. मग, पंधरा दिवसांत पहिल्यांदा असावं, थोडंसं हसला.

"नाव ठेवलंस?"

"साईराज."

"माझं?"

"जेवताना हाक मारायला बरं पडतं... झोपताना पण."

त्याचे कान लाल झाले. त्यानं माझ्याकडं बघितलं – नीट, जोडायला घेतलेल्या वस्तूकडं बघतात तसं. "नूतन, तुला काय बोलायचं हाय का गो?"

मी तोंड उघडलं.

रोहा आलं. माणसं उठली, मागून कुणीतरी ढकललं, समोरच्या फलाटावर त्याची गाडी भोंगा देत होती. त्यानं बॅग उचलली. "बोल ना..."

"पोचलास की फोन कर," मी म्हणाले.

तो मान हलवून धावत गेला. रात्री फोन आला. पोचलो, म्हणाला.

प्रति, रेल्वे प्रशासन. विषय : रोहा स्थानक हलवणेबाबत. महोदय, कासू ते रोहा हे अंतर दोन शब्द बोलण्यास अपुरे असल्याचे अर्जदारास प्रत्यक्ष प्रवासात आढळून आले आहे. तरी सदर स्थानक आहे त्या ठिकाणाहून किमान साठ किलोमीटर पुढे हलवण्यात यावे, व हा बदल गेल्या बुधवारच्या दुपारपासून लागू समजण्यात यावा, ही नम्र विनंती.