सात किलोंचं बॉनेट

रविवारी सकाळी सव्वानऊला ठाण्यातला फोन वाजला. चढाच्या रस्त्यावर शर्यतीचा सराव करणाऱ्या एका जुन्या गाडीचं बॉनेट भर वेगात उघडलं होतं. ते उलटून समोरची काच फोडत आत घुसलं आणि गाडी कठड्यावर आदळली. चालवणारा जिवंत होता. जिवंत म्हणजे श्वास चालू होता, एवढंच.

तपास करवतबाईंकडे आला. हे त्यांचं खरं नाव नव्हे. प्रश्न विचारताना त्या फिरून फिरून त्याच जागी येतात, म्हणून ठाण्यानं ठेवलेलं नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाड्यांमधलं मात्र त्यांना एवढंच कळत होतं, की पेट्रोल संपलं की त्या थांबतात.

त्या पोहोचल्या तेव्हा एका माणसानं दुसऱ्याची गचांडी धरली होती. धरणारा होता जखमी माणसाचा थोरला भाऊ. ज्याची धरली होती, तो गाडीचं काम केलेला मिस्त्री. प्रत्येक भाग वजन करून लावायची त्याची खोड, म्हणून अख्खा बाजार त्याला तोळामिस्त्री म्हणायचा.

"सोडा त्याला," बाई म्हणाल्या.

"यानं माझा भाऊ मारला!"

"तो अजून मेलेला नाही. तुम्ही इतक्यात घाई करू नका."

थोरल्यानं गचांडी सोडली, पण आधी एक थप्पड लगावून. मिस्त्रीनं गाल चोळला नाही. तो फुटलेल्या गाडीकडेच बघत होता.

गाडी वडिलांची, पन्नास वर्षांपूर्वीची. वडील वर्षभरापूर्वी वारले आणि गाडी धाकट्याच्या नावावर करून गेले. धाकट्याला ती शर्यतीत उतरवायची होती. पण जुनी गाडी म्हणजे सगळा लोखंडी कारभार. म्हणून तिचे मूळचे जड भाग काढून त्याजागी हलके बसवायचं ठरलं, आणि काम तोळामिस्त्रीकडे आलं.

"किती वजन उतरवलंत?" बाईंनी विचारलं.

"दोनशे चार किलो. दरवाजे, खुर्च्या, बंपर, बॉनेट."

"बॉनेटचं सांगा."

"मूळचं लोखंडी, बावीस किलो. मी ॲल्युमिनियमचं केलं, सात किलो. वडील गेल्यावर चार महिन्यांनी पत्रा कापला."

"मग या जाडजूड स्प्रिंगा कसल्या?"

बॉनेटच्या मागच्या बाजूला, दोन्ही बिजागऱ्यांशेजारी, एकेक मनगटाएवढी स्प्रिंग होती. तिचं एक टोक गाडीच्या सांगाड्यात अडकवलेलं. दुसरं एका लोखंडी पट्टीत, आणि ती पट्टी बॉनेटच्या पत्र्याला चार-चार स्क्रूंनी आवळलेली.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "या मी बसवल्या नाहीत."

"म्हणजे?"

"मॅडम, बावीस किलोंचं बॉनेट उचलायला सोपं जावं म्हणून या स्प्रिंगा. सात किलोंना त्या लावल्या तर खालून सतत ढकलणार. पुढं ते धरायला मी दोन बारीक पिना दिल्यात. हलक्या बॉनेटला त्या पुरतात, पण खालून असा रेटा असेल तर पहिल्याच खड्ड्यात तुटणार. मी स्प्रिंगा काढल्या, धाकट्या साहेबांच्या हातात दिल्या. उघडं बॉनेट टेकवायला काठी दिली."

"कुणी पाहिलं?"

"त्यांनीच."

"ते बेशुद्ध आहेत."

"ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाला. "म्हणून तर मला घाम फुटलाय."

बाई वाकल्या. पट्टीचे स्क्रू जुन्या पद्धतीचे होते, डोक्यावर एकेक आडवी खाच असलेले. पत्र्यातल्या भोकांच्या कडा नव्या कोऱ्या चमकत होत्या. आठही स्क्रूंच्या खाचा सरळ उभ्या होत्या. बिजागरीवर तसलेच स्क्रू होते, पण तिथल्या खाचा वाट फुटेल तिकडे तोंड करून बसलेल्या.

"बिजागरी तुम्ही बसवलीत?"

"हो."

"खाचा वाकड्यातिकड्या आहेत."

"स्क्रू घट्ट बसला की झालं. तो कुणाकडे तोंड करून बसलाय, याची चौकशी मी करत नाही."

थोरला ओरडला, "ऐकलंत? हा असला निष्काळजी माणूस! आत टाका याला!"

टाकावंच लागलं. गाडीला शेवटचा हात मिस्त्रीचा होता, निदान कागदावर तरी. त्याच्या गॅरेजला सील लागलं. जखमीचं बरंवाईट झालं असतं, तर बिचाऱ्याची पुढची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली असती.

गाडी शुक्रवारी संध्याकाळी गॅरेजमधून घरी आली होती आणि रविवारी पहाटे निघाली होती. मधला एक अख्खा दिवस ती घरच्या शेडमध्ये उभी होती. म्हणून दुपारी बाई घरी गेल्या.

फाटकावर कोरी टपालपेटी होती. थोरल्यानं फाटक उघडताना तिच्यावर थाप मारली. "मी स्वतः लावली. कुणाची गरज पडत नाही मला." पेटी एका बाजूला कललेली होती आणि तिच्या चार स्क्रूंच्या खाचा चार दिशांना होत्या.

दार ताईंनी उघडलं. तिघा भावंडांत त्या सर्वांत मोठ्या. लग्न केलेलं नाही. वडिलांचं आजारपण अठरा वर्षं त्यांनीच काढलं.

"मागचे दिवे वाचले का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गाडीचे. मूळचे आहेत ते. आता कुठं मिळत नाहीत."

"वाचले. तुमचा भाऊ अतिदक्षता विभागात आहे."

"ते कळलंय मला."

स्वयंपाकघरात बाईंना पाणी मिळालं, बसायला खुर्ची मिळाली नाही. भिंतीवर डब्यांसाठी नवी फळी होती. लाकडाचा वास अजून गेला नव्हता.

"फळी छान बसलीय. कुणी लावली?"

"मीच. या घरातले पुरुष हात फक्त जेवायला धुतात."

थोरल्याला ते झोंबलं. "मी शनिवारी दिवसभर दुकानात होतो, मॅडम! विचारा कुणालाही!"

"आधी मी काय विचारते ते ऐका. मिस्त्री सांगत होते. भावाला तुम्ही काय म्हणाला होतात? गाडीला हात लावशील तर हात तोडीन?"

"म्हणालो. बाबांच्या गाडीची त्यानं चाळण केली, राग येणार नाही? पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं."

"तो करायचं कधी मनावर घेतो?" ताई म्हणाल्या. "बोलून झालं की त्याचं काम झालं."

"आणि शनिवारी तुम्ही कुठं होतात, ताई?"

"घरात. मी कुठं असते?"

शेडमध्ये गाडीचे काढलेले भाग भिंतीशी होते. धाकट्यानं ते ढिगात फेकले होते, असं थोरला म्हणाला. आता मात्र प्रत्येक दरवाजा फडक्यात गुंडाळलेला होता. फळीवर तेलाचे दोन गोल डाग होते आणि डागांवर काहीच नव्हतं. बाईंनी विजेचा स्विचबोर्ड पाहिला, दाराची कडी पाहिली, हत्यारांची पेटी पाहिली. सगळीकडे खाचा उभ्या.

"हे काय प्रकरण आहे?"

"बाबांचं खूळ," थोरला म्हणाला. "खाच उभी नसेल तर पुन्हा खोलायला लावायचे. मी त्या भानगडीत कधी पडलो नाही."

परत निघताना बाई स्वयंपाकघराच्या दारातून पुन्हा एकदा त्या नव्या फळीकडे बघून आल्या.

सोमवारी सकाळी दहाला त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. मधल्या टेबलावर चेपलेलं बॉनेट ठेवलं होतं. मिस्त्रीला दोन शिपायांनी आणलं. ताई दाराशी उभ्या राहिल्या, थोरला येरझाऱ्या घालत राहिला.

"नाटक कशाला? गुन्हेगार समोर उभा आहे," तो म्हणाला.

"उभा आहे, हे खरं," बाई म्हणाल्या. "आता गप्प बसा. या स्प्रिंगा विसरून राहिलेल्या नाहीत. नव्या पत्र्याला हातानं भोकं पाडून, पट्टी लावून, मुद्दाम बसवल्यात. आता मला सांगा, हे आठ स्क्रू कुणी आवळले?"

थोरल्यानं वाकून पाहिलं आणि टाळी वाजवली. "खाचा उभ्या! हे बाबांचे स्क्रू! म्हणजे मिस्त्रीनं काढलेच नाहीत, खोटं बोलतोय हा!"

"मीही अर्धा तास तसंच समजत होते. पण बाबांनी लावलेले स्क्रू लोखंडी बॉनेटला होते. ते बॉनेट तिकडे भिंतीशी आहे. हा पत्रा कापला, तेव्हा तुमच्या बाबांना जाऊन चार महिने झाले होते."

थोरल्याच्या येरझाऱ्या थांबल्या.

"मिस्त्रींनी लावले म्हणावं, तर त्यांचे स्क्रू बिजागरीवर बघा. सात किलोंचा हिशोब चोख, पण खाचांना शिस्त नाही. शिवाय गाडी आदळली तर नाव त्यांचंच जाणार. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल? म्हणजे माणूस घरातला. काढलेल्या स्प्रिंगा कुठं ठेवल्यात हे माहीत असलेला आणि बाबांच्या हाताखाली तयार झालेला. तुमची टपालपेटी मी पाहिली, साहेब. तुमच्यावरचा संशय फाटकावरच फिटला."

मिस्त्री पहिल्यांदाच हसला. थोरल्याला कळलं नाही, की हा आपला बचाव होता की अपमान.

"धाकट्यानं रविवारी बॉनेट उघडलंच नसणार, नाहीतर स्प्रिंगा दिसल्या असत्या. मिस्त्रींच्या कामावर त्याचा विश्वास होता," बाई म्हणाल्या. "आता या घरात शिस्तीचा हात एकच उरतो. डब्यांच्या फळीला सहा स्क्रू आहेत, ताई. सहाही उभे."

ताईंनी पदराला हात पुसले, जणू आत्ताच काम संपवून आल्या होत्या.

"मला बॉनेट उडायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वळणाच्या आत. गाडी सावकाश असताना. चारचौघांत या पत्र्याची शोभा व्हावी आणि मुकाट्यानं त्यानं लोखंड परत बसवावं."

"आणि आत माणूस बसलाय, त्याचं काय?"

"तो हळू निघेल असं वाटलं. त्याला कधी धीर नव्हता, हे मी विसरले."

"आणि मी?" मिस्त्री म्हणाला. "माझ्या गॅरेजला टाळं लागलं, मी कोठडीत रात्र काढली. आणि तुम्ही घरात गप्प बसून राहिलात!"

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही बाबांचे दरवाजे घरी पोहोचवायला आलात, तेव्हा जमिनीवर आपटलेत. मी खिडकीतून बघत होते." माफी मागायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"एक सांगा," बाई म्हणाल्या. "चोरून केलेलं काम. घाई असणार, भीती असणार. मग खाचा कशाला जुळवल्यात? तेवढ्यानंच सापडलात."

"वाकड्या ठेवल्या असत्या तर झोप आली नसती."

बाईंनी ठाण्यात फोन करून गॅरेजचं सील काढायला सांगितलं आणि शिपायांना खूण केली. त्यांनी मिस्त्रीच्या हातातली बेडी काढली. तो कुणाशी न बोलता फाटकाबाहेर गेला.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून निरोप आला. धाकटा शुद्धीवर आला होता. जीव वाचला, उजवा डोळा गेला. तो ताईला बोलवत होता.

थोरला ताईंच्या अंगावर धावून गेला, पण हातभर अंतरावर थांबला. "एकाच ताटात जेवलो गं आपण! त्याला काय सांगू मी? का केलंस, काय सांगू?"

"सांग, ताईनं केलं. लपवू नकोस." त्या शिपाईबाईंबरोबर चालायला लागल्या होत्या. दाराशी वळल्या. "गाडीतून काय काय काढायचं त्याची तो यादी करत होता ना, त्या दिवशी मी पाणी द्यायला आले. कागदावरची मान वर न करता त्यानं विचारलं, 'ताई, आता हे घर आम्ही दोघं वाटून घेणार, तू कुठं राहणार?'"

"तो लहान आहे, बोलून गेला असेल..."

"तो निदान बोलला तरी," ताई म्हणाल्या. "तू शेजारीच बसला होतास. तू चहा संपवलास आणि यादीत बंपर राहिलाय म्हणून सांगितलंस."